दमट मुलखात फोटोची छपाई

22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. चकचकीत फोटो भिजले, की एकमेकांना चिकटतात. ओढावेत तर चेहराच निघून येतो. जे फोटो वाचले, ते स्कॅन करून त्यांची नवी प्रत घरी काढता येते.

त्यासाठी सुती लगद्याचा, बिनचकाकीचा मॅट कागद घ्यावा. शाई पिगमेंटची हवी. डायची शाई पाण्याने पसरते. पण खरी अडचण महाड-पोलादपूरच्या पावसाळी हवेची. दमटलेला कागद वाकतो, प्रिंटरच्या मुखाला घासतो आणि डाग पडतात. म्हणून कागद बंद पिशवीत ठेवावा. छपाईला दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस बरे. कागदावरची धूळ मऊ ब्रशाने झटकावी. प्रिंटरला कागदाचा प्रकार 'मॅट' सांगावा, काळी शाईही मॅटचीच घ्यावी. या कागदावर काळा रंग जरा फिका उमटतो. तेव्हा आधी लहान नमुना छापून दिवसाउजेडी पाहावा. प्रत दिवसभर वाळू द्यावी. चौकटीत ती काचेला टेकू देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या जुन्या वर्गफोटोंपासून आरंभ करा. आणि प्रत्येक फोटोची एक प्रत उंचावरच्या एखाद्या घरी जरूर ठेवा. पुरापुढे कोणतीच शाई टिकत नाही.