पंख द्यायचे, पण कोणत्या किमतीला?

कर्नाटकातल्या कित्येक जुन्या देवळांच्या फरसबंदीवर खेळांचे पट कोरलेले दिसतात. अशाच जुन्या खेळांपैकी एक आडु-हुली, मराठी घरांतला वाघ-बकरी. त्याच्या एका प्रचलित पटावर घरं २३, वाघ ३ आणि बकऱ्या १५. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला कुणालाच मारता येत नाही, आणि सगळ्या १५ पटावर उतरेपर्यंत जागचं हलताही येत नाही. तरी वाघांची कोंडी करून बकऱ्या डाव मारतात. बाघचाल हा याचाच नेपाळी भाऊबंद: ४ वाघ, २० बकऱ्या, २५ घरं. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकतज्ज्ञांनी त्याचा छडा लावला, तेव्हा दिसलं की दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो.

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी स्वतःचा वंश रचू पाहणाऱ्या मुलामुलींनी, असमान बाजूंचा तोल कसा राखायचा हे कळण्यासाठी, आधी या पटाकडे बघावं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात. एक जण, म्हणजे गेममास्टर, गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी बुटका खाणकरी, कुणी वनातला एल्फ. छापील पुस्तकातले वंश सोडून घरचे वंश, घरचं जग रचलं की त्याला होमब्रू म्हणतात. धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’मध्ये ‘इस्किलार’चं अनोखं जग उभं केलं, पण कथाकाराला एकाच नायकावर सगळं ओवाळून टाकायची मुभा असते. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण नायक असतो. तिथे एकाचं पात्र सगळी कुलुपं उघडू लागलं, सगळे शत्रू लोळवू लागलं, की उरलेले मोबाइल काढतात.

हा हिशोब जमवताना जाणत्यांचीही दमछाक झाली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. त्यात बुटक्यांना आणि एल्फांना जन्मजात खुब्या होत्या, आणि त्यांच्या बदल्यात प्रगतीला कुंपण होतं. बुटका योद्धा सहाव्या पातळीपुढे जाऊ शकत नसे, माणसाला मात्र अशी अट नव्हती. कागदावर हे न्याय्य दिसतं. टेबलावर खुबीचा फायदा पहिल्या दिवसापासून मिळे आणि किंमत मात्र सहावी पातळी गाठल्यावर चुकवावी लागे. तोवर खेळ मोडला तर सगळं फुकटच! २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने हे कुंपण काढलं, पण ड्राऊसारख्या बलवान वंशाला २ पातळ्यांचा भुर्दंड लावला. आता उलटं झालं: फायदा अधूनमधून आणि किंमत रोजची, कारण त्या पात्राची तग धरण्याची ताकद सोबत्यांपेक्षा सतत कमी.

दोन्ही वेळा घोटाळा एकच होता. देणं आणि घेणं एकाच प्रसंगात समोरासमोर येत नव्हतं. वाघ-बकरीत ते प्रत्येक चालीला येतं.

आकड्यांचं गणित तुलनेने सोपं. २० बाजूंच्या फाशावर १ची भर म्हणजे यशाची शक्यता ५ टक्क्यांनी जास्त. दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत दिली, तर ११ किंवा अधिक पडण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, म्हणजे ५ची भर. म्हणून ही सवलत नेहमीसाठी देऊ नये, नेमक्या प्रसंगापुरती द्यावी. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या २०१२च्या वंशविषयक ग्रंथाने तर प्रत्येक खुबीला गुण लावले: माणूस ९, एल्फ १०, बुटका ११. नवशिक्याने सुरुवात अशा यादीपासून करायला हरकत नाही.

यादीत नीट न बसणारी गोष्ट म्हणजे उडणं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतले पक्षिमानव, आराकोक्रा, २०१५ साली दर फेरीला ५० फूट उडत. हातात धनुष्य दिलं की जमिनीवरच्या शत्रूचे हात टेकले. २०२२च्या नव्या मांडणीत तो वेग ३० फुटांवर आला.

समजा, धारवाडच्या एखाद्या मुलीला दांडेलीचा धनेश पाहून असा वंश रचायचा आहे. दांडेलीच्या रानात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांतल्या महाधनेशाच्या पंखांचा आवाज लांबवर ऐकू जातो. किंमत इथेच सापडते: उडता येईल, पण उडताना लपता येणार नाही. शिवाय एका फेरीत उडून त्याच फेरीच्या शेवटी कुठेतरी टेकावं लागेल. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर फटीतून तिला भरवतो, यातून त्या वंशाची रीत निघते: कोंडलेल्या जिवाला अन्न पोचवल्याखेरीज हे लोक मुक्काम हलवत नाहीत. गेममास्टरला आयता पेच मिळतो.

राणेबेन्नूरच्या अभयारण्यातल्या काळविटावरून वंश केला तर वेग द्यावा, पण सगळी मोहीम भुयारांत असेल तर ती खुबी वायाच जाईल. भाषेचंही तसंच. हुबळीतल्या दुर्गदबैलच्या बाजारात मराठीत आपसात सल्लामसलत करून कन्नडमध्ये भाव पाडणाऱ्या माणसाला दुसऱ्या भाषेचं मोल सांगावं लागत नाही. खेळात मात्र सगळेच जण एकच बोली बोलत असतील तर ‘तीन भाषा येतात’ ही ओळ केवळ शोभेची.

आणखी एक पथ्य. अख्खा वंश मंदबुद्धी किंवा दुष्ट ठरवू नये. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४च्या नियमपुस्तकात ताकद, बुद्धी अशा गुणांची वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली आहे. घरच्या खेळातही हेच करावं. शरीर वंशाकडून घ्यावं, स्वभाव आणि शिक्षण ज्याचं त्याने ठरवावं.

नवा वंश एक मोठी खुबी, एक छोटी खुबी आणि एक किंमत एवढ्यावर थांबवावा. मग एकच छोटी चकमक आधी साध्या माणसाचं पात्र घेऊन आणि नंतर नवं पात्र घेऊन खेळावी: एकदा मोकळ्या माळावर, एकदा बंद खोलीत. कुणाच्या वाट्याचं काम कुणी हिरावलं, याची नोंद ठेवावी. किंमत एकदाही आडवी आली नसेल तर ती बदलावी, आणि बदल पात्र चालवणाऱ्या खेळाडूला विचारून, पुढच्या बैठकीआधी करावा.