फोंतनेचा मठ: दगड आणि उजेड

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील फोंतने हा सिस्टर्शियन पंथाच्या उत्तम अवस्थेत टिकलेल्या मठांपैकी एक असून, संत बर्नार यांनी १११८ मध्ये एका झाडीभरल्या दरीत त्याची स्थापना केली. मठांच्या ओवऱ्यांत कोरलेले चित्रविचित्र प्राणी साधकांचे लक्ष वाचनावरून उडवतात, अशी कठोर टीका याच बर्नार यांनी केली होती. त्यामुळे ११४७ मध्ये पोप तिसरे युजीन यांच्या हस्ते विधिपूर्वक समर्पित झालेल्या येथील चर्चमध्ये कोरीवकाम शोधणाऱ्याची निराशा होते. त्याने आधी छताकडे पाहावे.

सुमारे ६६ मीटर लांबीच्या या चर्चच्या मधल्या दालनावर दगडी गजपृष्ठाकार छत आहे, म्हणजे एकच कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड वाढवत नेल्यावर जे छत तयार होते ते. असे छत भिंतींना संपूर्ण लांबीभर बाहेर रेटत असते. हा रेटा कमी व्हावा म्हणून कमानीचा माथा अर्धगोल न ठेवता टोकदार केला आहे, आणि उरलेला रेटा पेलण्यासाठी दोन्ही बाजूंच्या अरुंद दालनांवर, मुख्य छताला काटकोनात, लहान टोकदार छतांची रांग रचली आहे. भिंत दुबळी होऊ नये म्हणून मधल्या दालनात वरच्या बाजूला खिडक्याच ठेवलेल्या नाहीत. उजेड येतो तो पश्चिमेच्या दर्शनी भिंतीतील सात खिडक्यांतून, पूर्वेला वेदीमागच्या सपाट भिंतीतून आणि बाजूच्या दालनांच्या बाहेरील भिंतींतून, खांबांआडून गाळून आल्यासारखा. सकाळी वेदीकडची बाजू उजळते आणि दुपारनंतर दर्शनी भिंतीकडची. म्हणून ही वास्तू दिवसातून दोनदा पाहावी, घाईने एकदा पाहून तिचा खरा गुण कळत नाही.

चर्चला लागून असलेल्या चौकाभोवती ओवऱ्या आहेत. तेथील जोडखांबांच्या शीर्षांवर रुंद, चपटी, जवळजवळ शिरा नसलेली पाने कोरली आहेत. पाथरवटाचे कसब येथे पानाची कड हलकेच बाहेर वळवण्यात दिसते, आणि एवढ्या संयमात इतका डौल यावा ही या पंथाच्या कलेची मोठी कमाई होय. वरच्या मजल्यावरील शयनगृहातून जिना थेट चर्चमध्ये उतरतो, कारण रात्रीच्या प्रार्थनेसाठी साधकांना तेथूनच जावे लागे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि तेथे कागदाचा कारखाना चालू लागला; मात्र वास्तू वापरात राहिल्यामुळे तिची फारशी मोडतोड झाली नाही. १९०६ मध्ये एदुआर एनार यांनी तो विकत घेऊन कारखान्याची बांधकामे हटवली, आणि १९८१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. आवारातील ५३ मीटर लांबीची लोहारशाळाही चुकवू नये: साधक तेथे पाण्याच्या प्रवाहावर घण चालवून लोखंड घडवत, आणि तरीही तिच्या छताच्या दगडी कमानी चर्चच्या बांधणीइतक्याच निगुतीने रचलेल्या आहेत.