इकोच्या अहवालातील आकडा



इको तपासणीच्या अहवालात ‘ई.एफ. ६० टक्के’ असे वाचताच घरची मंडळी हवालदिल होतात. उरलेले ४० टक्के हृदय निकामी झाले, असा समज होतो. वस्तुतः हे परीक्षेतील गुण नव्हेत. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, त्याचे हे प्रमाण होय. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिता करीत नाही. ५५ ते ७० टक्के हे प्रमाण चांगलेच. ते ४० वा त्याहून खाली गेल्यास आकुंचनशक्ती क्षीण झाली असे मानतात. उलट, आकडा उत्तम असूनही धाप लागते, पाय सुजतात. कारण ताठर झालेले हृदय नीट भरतच नाही. ई.सी.जी. तर अवघ्या काही सेकंदांची नोंद! छातीत दाब जाणवत असता केवळ तिच्यावर विसंबू नये.

आकडा सुधारला की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील अभ्यासात, हृदयस्नायूच्या विकारातून सावरलेल्या २५ रुग्णांची औषधे क्रमाक्रमाने थांबविण्याचे ठरले. सहा महिन्यांत ११ जणांचा विकार उलटला.

पर्युषणातील चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य असते. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. उत्साहाच्या भरात नेमके हेच राहून जाते. एरवी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.