परसातले शेजारी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सापांबरोबर राहतेस म्हणे, त्यावर दहा मिनिटं बोल." म्हणून आधीच सांगून टाकते. मी साप पाळत नाही, हातात धरत नाही, आणि मला त्यांची भीती वाटते. पूर्वी वाटायची तशीच आजही वाटते. फक्त त्या भीतीचं काय करायचं, ते आता थोडं कळतं.

तुम्हांला १९७६ चा पावसाळा आठवत असेल. आपण सातवीत होतो. शेवटच्या बाकावरचा आपला एक सोबती एका सोमवारी शाळेत आला नाही. त्याचं नाव मी घेत नाही, ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. रात्री तो जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. घरच्यांना वाटलं, काहीतरी खाण्यात आलं. मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं की हे जनावराचं आहे. त्याला उतारा करणाऱ्याकडे नेलं. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी शाळेच्या विहिरीमागे मुलांना एक भलंमोठं जनावर दिसलं आणि त्यांनी ते ठेचून मारलं. मी दगड उचलला नाही, पण टाळ्या वाजवल्या. आपले शास्त्राचे सर धावत आले. त्यांनी फळ्याच्या पट्टीने ते मोजलं, साडेसहा फूट भरलं. सर म्हणाले, "ही धामण. हिला विष नसतं. ही उंदीर खाते. त्याला चावली ती मण्यार असणार." आपण कोणीच ऐकलं नाही. आपल्याला कोणावर तरी सूड उगवायचा होता.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन २०१४ साली आम्ही दोघं गावच्या घरी राहायला आलो. मागे आगर, चिऱ्यांचा जुना गडगा, विहीर, पलीकडे कातळ. पहिल्याच पावसात गडग्याच्या फटीतून धामण बाहेर आली. मी किंचाळले. शेजारचे भाऊ दांडका घेऊन आले. त्यांनी हात उगारला आणि मला एकदम ती फळ्याची पट्टी आठवली. मी म्हटलं, "भाऊ, राहू दे." का म्हटलं, ते त्यांना तेव्हा समजावता आलं नाही.

धामण त्या गडग्यातच राहिली. त्या वर्षी नारळ कुरतडणारे उंदीर कमी झाले असं मला वाटलं. पुढे एकदा दोन धामणी एकमेकींना वेढे घालून उभ्या राहिलेल्या पाहिल्या. गावात याला जोडीचा खेळ समजतात, त्यावर नवं कापड टाकतात. खरं म्हणजे बहुतेक वेळा ती दोन नरांची कुस्ती असते. विहिरीजवळ बेडकांसाठी दिवड येते. तगरीवर हरणटोळ असते, पानांच्या रंगाचीच. नानेटी तर कुंड्यांमागे रोजची.

पण आपल्या कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघेही आहेत. त्यांच्याशी मैत्री होत नाही. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, तसाच तो आपल्याला ओळखतही नाही. तो येतो उंदरासाठी, बेडकासाठी, आडोशासाठी. म्हणून त्याला हाकलण्यापेक्षा मी त्याचं आमंत्रण काढून घेतलं. सरपणाची रास पडवीतून उचलून घरापासून लांब, चार चिऱ्यांवर उंच रचली. कोंबड्यांचे दाणे रात्री बाहेर ठेवत नाही. भिंतीलगतचं गवत कापते. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, दाराखालची फट बुजवली. लांबचा गडगा मात्र धामणीसाठी तसाच ठेवला. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पायरी उतरायची नाही, झावळ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. घरात सगळे खाटेवर झोपतात आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असते.

एकदा त्याच झावळ्यांत घोणस निघाली. कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा मोठा फुसकारा, पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस सहसा पळत नाही, जागीच थांबते. तिच्या लांबूनच मी मागे फिरले, माणसं आत घेतली आणि वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन केला. यात शौर्य काही नाही. धामण दिसली तर मी कोणाला बोलवत नाही. विषारी साप घराशी आला तर स्वतः काहीच करत नाही. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे, पण रात्री फरक शोधायला मी वाकत नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले. तीन वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे चारला आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकींचा मुलगा दार ठोठावत आला. "ताई, हिच्या पोटात कळा येतायत, ओवा असला तर द्या." मी विचारलं, "रात्री कुठे झोपली होती?" "जमिनीवर." मी बॅटरी घेऊन गेले. जखम कुठेच दिसेना, पण तिच्या पापण्या मिटत होत्या. माझे हातपाय गार पडले. ती सातवीतली पहाट जशीच्या तशी समोर होती.

मण्यारीचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखेलच असं नाही. ओवा दिला नाही. १०८ ला फोन केला. बांगड्या-जोडवी काढली, तिला कुशीवर निजवलं, चालू दिलं नाही. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू दिलं नाही. तालुक्याला प्रतिसर्पविष दिलं, पुढे श्वासासाठी यंत्रावर ठेवलं. आठव्या दिवशी ती घरी आली. तिची मुलगी आता आपल्याच शाळेत, पाचवीत आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दर वर्षी साधारण ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली, त्यातली निम्मी पावसाळ्यात. आपला सोबती त्यांतलाच एक. त्याला मण्यार चावली हे खरं. पण त्या पहाटेची पोटदुखी ओळखणारं घरात कोणी असतं, तर त्याला निदान एक संधी मिळाली असती.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपण माजी विद्यार्थी शाळेला काय देणगी द्यावी, याची चर्चा दुपारी आहे. संगणक जरूर द्या. पण दर वर्षी शाळा उघडली की जूनमध्ये एक तास असा ठेवा, की ज्यात मुलांना हे चार साप, ती पहाटेची पोटदुखी आणि १०८ हा नंबर सांगितला जाईल. त्याला खर्च काही नाही. पहिल्या वर्षी तो तास घ्यायला मी येईन. आणि शाळेत येणाऱ्या ज्या मुलांच्या घरी खाट नाही, त्यांना मच्छरदाण्या आपण देऊ. वर्गणी मी आजच भरते.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तेव्हा तुम्ही सांगत होतात आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. ऐकायला मला अडतीस वर्षं लागली. गडग्यात धामण अजून आहे. या एकदा घरी, लांबून दाखवीन.