पंखा चालू राहू दे, वीज दुसरीकडे वाचवू

(पाली, ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे) येथील महिलांच्या बैठकीतील भाषण)



ऊन तापलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "बिल वाढतंय, पंखा बंद कर." आणि बंद होतो तो कुणाचा पंखा? दुपारी आडव्या झालेल्या सासूबाईंचा, नाहीतर बाळंतिणीचा. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बायका यांना ऊन लवकर बाधतं. त्यांचा वारा तोडून वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. म्हणून वीज वाचवायची, पण दुसरीकडे.

आधी हिशेब समजून घेऊ. 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट जळतं. आपला जुना पंखा साधारण 75 वॅटचा. रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. पाणी तापवायचा रॉड 1500 वॅटचा. तो रोज अर्धा तास लावला तरी महिन्याला साडेबावीस युनिट! म्हणजे अर्ध्या तासाच्या रॉडच्या विजेवर पंखा दहा तास फिरतो. सध्याच्या उन्हात पातेलं भरून अंगणात ठेवा, पाणी फुकट तापेल.

दुसरी गोष्ट बिलाची. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो आणि 101 ते 300 पर्यंतच्या युनिटांचा बराच जास्त. म्हणून 100 च्या वरचं प्रत्येक युनिट महागात पडतं. महिन्याच्या मध्यावर एकदा मीटरचा आकडा बघून वहीत लिहा. गटाचा हिशेब ठेवतो, तसाच हाही ठेवायचा.

आता घरात फिरून बघू. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट खातो. 9 वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढा, त्यात गरम भाजी ठेवू नका. प्यायला माठाचं पाणी असलं की फ्रीजचं दार सारखं उघडावं लागत नाही. इस्त्री रोज एका शर्टासाठी न तापवता आठवड्याचे कपडे एकदम करा. टीव्ही रिमोटने नको, बटणावर बंद करा.

नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी पंख्याची चौकशी करा. तो साधारण 30 वॅटचा असतो. 12 तासांच्या हिशेबाने महिन्याला 16 युनिट वाचतात. किंमत जास्त असते, पण गटाच्या अंतर्गत कर्जातून घेता येईल. घेताना स्टारचं लेबल बघा.

वेळही सांभाळायची. 30 मे 2024 ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती. संध्याकाळी सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागतात. तेव्हा पाण्याची मोटर, इस्त्री, चक्की नको. सगळ्यांनी एकदम चालू केलं की भार डीपीवर पडतो आणि अख्खी वाडी अंधारात बसते.

आणि घर मुळातच कमी तापू द्या. पत्र्यावर पांढरा चुना मारा. दुपारी उन्हाकडच्या खिडक्या झाका, रात्री उघडा. स्वयंपाक सकाळी लवकर उरका.

एक लक्षात ठेवा. पारा 40 च्या वर गेला तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट घोट पाणी द्या. कुणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली तर तोंडात पाणी घालू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, लगेच 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने विजेचं बिल घेऊन यायचं. कुणाचं 100 च्या आत आहे, कुणाचं वर गेलंय, का गेलंय, ते मिळून बघू. ज्या घरी म्हातारं माणूस एकटं असतं, तिथे दुपारी एक चक्कर मारायचीही वाटणी तेव्हाच करू.