काउन्सेलरची पाटी कोणीही लावू शकतं?

आजचा विषय थोडा कायद्याचा आहे, पण थेट तुमच्या-माझ्या कामाचा.

समजा, तुम्ही औरंगपुऱ्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करताय. रात्री झोप नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. मित्र म्हणतो, "अरे, काउन्सेलरला भेट ना." मोबाइलवर शोधलं की नावांची रांग लागते. यातलं खरं शिकलेलं कोण, हे कसं ओळखायचं?

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'चं त्यातल्या त्यात सोपं आहे. १९९२च्या कायद्यानुसार त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी करावी लागते. नंबर मागा, तपासा, झालं. पण 'काउन्सेलर' किंवा 'समुपदेशक' या शब्दाला असं कुंपणच नव्हतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे, समुपदेशकाची नाही. म्हणजे आपल्या मराठवाडा विद्यापीठात दोन वर्षं मानसशास्त्रात एम.ए. केलेली मुलगी आणि दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेला माणूस, दोघांच्या दारावर पाटी एकच! यात पेशंट तर फसतोच, पण मन लावून शिकलेल्या त्या मुलीचीही किंमत राहत नाही.

२०२१मध्ये संसदेने नवा कायदा केला. आरोग्याशी संबंधित अनेक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा. त्याच्या यादीत सायकॉलॉजिस्ट आणि काही प्रकारचे काउन्सेलरही आहेत. या कायद्याचाच आधार घेऊन यूजीसीने २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्स थांबवले. पण नोंदणीची यंत्रणा उभी राहायला वेळ लागतोय.

आणि इकडे गरज वाढतेय. जुलै २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा. कोचिंग क्लासही त्यात आले. पण 'पात्र' म्हणजे नेमकं कोण, हे कागदावर पक्कं नसेल तर क्लासवाले स्वस्तातला माणूस बसवतील आणि मोकळे होतील. म्हणून नोंदणी लवकर व्हायला हवी.

तोवर? पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा. शिक्षण काय, कुठून? प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग कोणाच्या देखरेखीखाली झालं? माझं बोलणं गुप्त राहील का, आणि कोणत्या वेळी राहणार नाही? तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवाल? चांगल्या काउन्सेलरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि जो डॉक्टर नाही त्याने गोळ्या सुचवल्या, तर सरळ उठा. औषध देणं हे सायकियाट्रिस्टचं काम. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

फारच जड वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा, एखाद्या मित्रालाही पाठवा.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात!