परदेशातील अटक आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार नुकतेच आटोपले असताना मी तुरुंगाचा विषय घेऊन आपणांपुढे उभा राहिलो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु आज ज्या मुलामुलींचा आपण गौरव केला, त्यांतील कित्येक उद्या जर्मनीस, अमेरिकेस किंवा आखाती देशांत जाणार आहेत. आणि मुलांकडे चार-सहा महिने राहून येणारे आईबाप तर आता पुण्याच्या पेठापेठांतून आहेत. मुलगा निघाला की आपण त्याला लाडू-चिवडा देतो, हातावर दही घालतो. पण तेथल्या पोलिसाने हात धरला तर काय करावे, हे मात्र सांगत नाही. त्या विषयाचा उच्चारही आपल्याला अशुभ वाटतो.

हा विषय आपल्या इतिहासाला नवा नाही. सन १९१० च्या जुलै महिन्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेल्स बंदरात बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. त्यांना ज्या रीतीने परत देण्यात आले ती नियमाला धरून नव्हती, असे लवादाने १९११ मध्ये मान्य केले. परंतु त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही, असाच निर्णय दिला. त्या खटल्यात दोन पक्ष होते, इंग्लंड आणि फ्रान्स. हिंदुस्थानच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते, कारण आपले असे राज्यच नव्हते.

पुढे राज्य आले, तरी अडचण संपली नाही. गोवामुक्तीसाठी झटणारे सांगलीचे मोहन रानडे १९५५ साली पोर्तुगीजांच्या हाती सापडले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या कारागृहातच राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली, हे पुणेकरांना नव्याने सांगावयास नको. जेथे दोन सरकारांत बोलणेच खुंटलेले असते, तेथे समाजालाच बोलत राहावे लागते, असा तो धडा होता.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये पकडले आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. आपल्या वकिलातीने त्यांची भेट वारंवार मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा भारत सरकार मे २०१७ मध्ये त्याच हेग शहरी, आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मूळचे नागपूरचे विधिज्ञ हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी असा निर्णय दिला की, पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार होईपर्यंत ती अमलात आणता कामा नये. सुटकेचा हुकूम मात्र झाला नाही. सन १९१० मध्ये ज्याच्यासाठी बोलणारे राज्य नव्हते, त्याच देशाचे राज्य आता एका नागरिकासाठी जगापुढे उभे राहिले, हा फरक लहान नव्हे.

याच प्रकरणातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादेत त्यांना भेटल्या. भेटीपूर्वी त्यांना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली उतरवावयास लावली. मध्ये काचेची भिंत होती. आणि आई मुलाशी मराठीत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडविण्यात आले, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. भगिनींनो, आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, हेही जेथे दुसऱ्याच्या हाती जाते, त्या स्थितीचे नाव परदेशातील अटक.

ज्या करारावर हा खटला लढविला गेला, तो १९६३ चा. त्याचे छत्तिसावे कलम प्रत्येक प्रवाशाने ध्यानात ठेवावे. परदेशी माणसाला अटक होताच, त्याची इच्छा असल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीस विनाविलंब कळविले पाहिजे. हा हक्क आहे असे त्याला सांगितले पाहिजे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्याला भेटण्याची व वकील मिळवून देण्याची मोकळीक असली पाहिजे. येथे ‘त्याची इच्छा असल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागणी केली नाही, तर कळविले जाईलच असे नाही. म्हणून नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणावे: “मी भारतीय नागरिक आहे. माझ्या वकिलातीस कळवा.” आपल्या ज्या मुलांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी आपल्या नव्या देशाच्या वकिलातीकडे जावे. भारताचे ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे.

वकिलात काय करू शकत नाही, हेही जाणून घ्यावे. ती कोणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही, की न्यायालयाच्या कामात हात घालू शकत नाही. परंतु ती भेटते, वकिलांची नावे देते, घरी निरोप पोहोचविते. गरजूंसाठी २००९ पासून भारतीय समाज कल्याण निधी आहे. २०१५ पासून ‘मदद’ या सरकारी व्यवस्थेवर घरबसल्या तक्रार नोंदविता येते. शिक्षा झालीच, तर ज्या देशांशी करार आहे तेथील कैद्यास उरलेली शिक्षा मायदेशी भोगता यावी, यासाठी २००३ चा कायदा आहे. परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय असल्याचे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. तेव्हा हे संकट वाटते तितके विरळा नाही.

पुष्कळ संकटे तर घरच्या डब्यातूनच निघतात. अनारशांवरची खसखस आपल्याला किती निरुपद्रवी वाटते! परंतु संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती निषिद्ध वस्तू आहे. खोकल्याच्या व वेदनेच्या काही औषधांचेही तसेच. चिठ्ठीवाचून ती नेऊ नयेत आणि त्या देशाचे नियम आधी पाहावेत. दुसऱ्याचे पुडके तर जवळच्या नातलगाचे असले तरी उघडून पाहिल्यावाचून घेऊ नये. २०१९ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याला कतारच्या विमानतळावर पकडण्यात आले. नातलग स्त्रीने दिलेल्या पुडक्यात चरस निघाले होते. दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळाचा जन्म तुरुंगात झाला, आणि निर्दोष ठरून ती दोघे २०२१ मध्ये घरी परतली. भिडेपोटी घेतलेल्या पुडक्याची केवढी ही किंमत!

राहिला पैसे उकळण्याचा प्रकार. साध्या वेषातील कोणी ‘पोलीस’ म्हणून पारपत्र वा पाकीट मागू लागला, तर त्याचे ओळखपत्र पाहावे आणि “ठाण्यावर चला, तेथे दाखवितो” असे म्हणावे. तोतया असेल तर बहुधा तेथेच पाय काढता घेतो. खरा असेल आणि दंड मागत असेल, तर पावती मागावी. लाच देऊ करणे हा स्वतंत्र गुन्हा होतो, म्हणून तो मार्ग आपण होऊन काढू नये. मात्र जिवावर बेतत असेल तर पैशाचा मोह धरू नये. सुखरूप सुटून मग वकिलातीस कळवावे. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. आणि दूरध्वनीवर वा चित्रफोनवर जी ‘डिजिटल अटक’ करतात, तशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्यावा व १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी मनातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळातील एका घरचा मुलगा परदेशी अडकला. घरच्यांनी अकरा दिवस कोणाला कळू दिले नाही. त्या अकरा दिवसांत एका दलालाने ‘आत ओळख आहे’ म्हणून त्यांच्याकडून मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे नेले, आणि मुलगा होता तेथेच राहिला. बाराव्या दिवशी वकिलातीस पत्र गेले, चौथ्या दिवशी अधिकारी त्याला भेटला, आणि पुढे तो सुटला. मी त्या माउलीला विचारले, “आधी का नाही सांगितलेत?” ती म्हणाली, “भाऊ, तिकडच्या पोलिसांपेक्षा मला इकडच्या आपल्या माणसांचीच भीती वाटली. मुलीचे लग्न ठरत होते.”

बंधूंनो, हे वाक्य मी विसरू शकलो नाही. त्या अकरा दिवसांचे उत्तरदायित्व आपणा सर्वांचे आहे. अटक झाली म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नव्हे. आणि अपराध झालाच असेल, तरीही वकील आणि दुभाषी मिळण्याचा माणसाचा हक्क जात नाही. म्हणून माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे की, कायदा जाणणाऱ्या तीन-चार सभासदांची एक समिती नेमावी. तिने वकिलातींचे पत्ते व फोन क्रमांक प्रत्येक कुटुंबास द्यावेत, संकटसमयी पत्रव्यवहार करावा, आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. वधूवर सूचक समितीइतकीच तिची गरज आहे.

आपली मुले परदेशी जाताना आपले पत्ते घेऊन जातात. त्या पत्त्यावर कोणत्याही रात्री निस्संकोच हाक मारता येईल, एवढा विश्वास त्यांना सोबत देऊ या.